इमारतीचा इतिहास बिल्डरच्या पैशाने लिहावा का?

दप्तरखाना:
नऊ वर्षं एका हेरिटेज कन्सल्टन्सीत काम केलं. पद वास्तू-इतिहासकार. नातेवाईक विचारतात तेव्हा 'जुन्या इमारतींची कुंडली मांडते' एवढं सांगून सुटका करून घेते.

हा धागा काढायला कारण झालं एक कौल.

सँडहर्स्ट रोडवर, म्हणजे आताच्या सरदार वल्लभभाई पटेल रोडवर, एका चाळीचं काम आमच्याकडे आलं होतं. मालकाला पाडून टॉवर बांधायचा होता, आणि आमच्या अहवालाचे पैसे तोच देणार होता. फाइलमध्ये आधीच कोणीतरी लिहून ठेवलेलं, 'इमारत 1865 सालची'. पुरावा काय, तर माळ्यावर रचून ठेवलेल्या मंगलोरी कौलांवर बाझल मिशनचं नाव आणि त्याखाली 1865. आता हे मिशनच्या मंगलोरच्या कौलकारखान्याचं स्थापनेचं साल. लोणच्याच्या बरणीवर 'स्थापना अमुक साली' असं छापतात म्हणून आतली कैरी काही त्या सालची होत नाही!

मग खाली उतरून पाहिलं. जिन्याखालच्या लोखंडी तुळईवर डॉर्मन लाँगचा उठावदार शिक्का. ती इंग्लिश कंपनीच 1870 च्या दशकातली. तुळई मागाहून घातली असेल असं म्हणता येतं, म्हणून रस्त्यावर जाऊन उभी राहिले. इमारतीचं तोंड रस्त्याला सुतात. आणि हा रस्ता कधीचा? 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्याने दाट वस्ती फोडून तो काढला. रस्ताच नव्हता तेव्हा त्याला तोंड करून चाळ उभी कशी राहील?

हे सगळं मी तीन परिच्छेदांत लिहिलं. मालकाला 'दीडशे वर्षांची जीर्ण वास्तू' हवी होती, कारण ते ऐकायला पाडण्याच्या बाजूने बरं पडतं. साहेब मला म्हणाले, "चाळीस-पन्नास वर्षांनी काय फरक पडतो गं?" पुढे गेलेल्या अहवालात माझ्या तीन परिच्छेदांची एक ओळ झाली होती: 'इमारत अतिशय जुनी आहे.'

माझं म्हणणं साधं आहे. पालिकेने अर्जासोबत शुल्क घ्यावं, इतिहास लिहिणारा स्वतः नेमावा, आर्किटेक्टने नवा नकाशा काढायच्या आत ते काम करून घ्यावं आणि तो मजकूर कोणालाही वाचता यावा. शहर पातळीवर हेरिटेजचे नियम देशात सगळ्यात आधी मुंबईने केले, 1995 मध्ये. वास्तूच्या महत्त्वानुसार पहिली श्रेणी, दुसरी अ, दुसरी ब, तिसरी, सगळं ठरलं. ज्या माहितीवर या श्रेण्या उभ्या आहेत ती कोणाच्या पैशाने लिहिली जाते, यावर मात्र कोणी बोलत नाही.

चाळीतला:
मॅडम, लेख वाचला, कौलाचं आवडलं. पण मी अशाच एका चाळीत राहतो म्हणून विचारतो. इमारत 1865 ची निघो की 1910 ची, संडास गॅलरीच्या टोकालाच आहे ना? माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. पावसाळ्यात रात्री दोनदा उठते तेव्हा मी टॉर्च घेऊन मागे जातो. तुमचा इतिहास आणखी चांगला लिहिला गेला तर आमचं काय व्हायचं ते सांगा. आणखी एक कागद म्हणजे फाइल आणखी एका टेबलावर.

ओळंबा:
मी कन्झर्वेशन आर्किटेक्ट आहे, त्यामुळे मला शिव्या खायची सवय आहे. धागाकर्तीशी असहमत.

एक, इतिहासकार वेगळा नेमायला पैसे नाहीत. सरकारी काम असेल तर टेंडर निघतं, जो कमी बोली लावेल त्याला मिळतं. त्या रकमेत मोजमाप, नकाशे, दुरुस्तीचा तपशील आणि इतिहास सगळं बसवायचं असतं. इतिहासाच्या वाट्याला किती उरतं? दहा पानं आणि चार जुने फोटो.

दोन, वाडा-चाळीचं दुखणं दप्तरखान्यात कळत नाही. सागवानी तुळईचं टोक भिंतीच्या पोटात कुजलेलं असतं, ते हातोडीने ठोकून कळतं. आवाज बद आला की समजायचं. गेल्या वर्षी एका इमारतीत कोणीतरी चुन्याच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा चोपडला होता. चुना ओल घेतो आणि बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. मग वीट खारावते, भुगा होतो, आणि मालक म्हणतो 'बघा, इमारत संपली'. ही इमारत कोणी मारली हे सांगायला कागद लागत नाही, नखाने खरवडलं तरी पुरे.

तीन, स्वतंत्र इतिहासकार पालिकेने नेमायचा? म्हणजे पुन्हा एक पॅनल, पुन्हा ओळखीपाळखी.

कावळा:
धागा भारी. फक्त एक शंका. हे सगळं गोऱ्यांनी बांधलेल्या इमारतींचंच कौतुक ना? व्हीटी आणि राजाबाई टॉवर.

दप्तरखाना:
@कावळा, तुमच्या या शंकेसाठीच इतिहासकार लागतो. व्हीटीचा आर्किटेक्ट एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स हे सगळ्यांना पाठ आहे. त्याचे असिस्टंट इंजिनिअर होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. किती जणांना माहीत आहे? दर्शनी शिल्पाचे नमुने इथल्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी घडवले. आणि बांधणीचं सौंदर्य हा एकच निकष धरला तर परळची बी.आय.टी. चाळ (त्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची) यादीत येणारच नाही. बाबासाहेब तिथे दोन खोल्यांत वीसेक वर्षं राहिले. तिथे कोरीव कमानी नाहीत, तरीही ती वास्तू महत्त्वाची आहे. तिचं महत्त्व ओळंबा लावून मोजता येणार नाही (@ओळंबा, हे तुम्हाला उद्देशून नाही. बरं, थोडंसं आहे).

@ओळंबा, सिमेंटबद्दल शंभर टक्के सहमत. पण नखाने खरवडून तुम्हाला 'काय झालं' ते कळतं. 'कधी' आणि 'कोणी' हे कुठून कळणार? गॅलरीची जाळी, मागचा संडासाचा मनोरा, वर चढवलेला मजला यातलं मूळचं काय आणि मागाहूनचं काय, हे हेरिटेज समितीपुढे सांगताना तुम्हाला कागदच लागतो ना?

ओळंबा:
लागतो. तो मी स्वतः काढतो. दोन दिवसांचं काम.

दप्तरखाना:
दोन दिवसांत पुराभिलेखागारात फक्त अर्ज मंजूर होतो हो. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत ते दप्तर आहे. खंडांची मागणी द्या, वाट बघा, जो येतो तो अर्धा वाळवीने खाल्लेला. मग शहराच्या 1865 ते 72 च्या लॉटनच्या सर्व्हेचे नकाशे. मग प्रॉपर्टी कार्ड. मग गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे तीन चहा. हे दोन दिवसांत होतं असं म्हणणारा आर्किटेक्ट इतिहास लिहीत नाही, आधीच्या अहवालातून उतरवतो. कौलावरचं 1865 असंच उतरत उतरत आलं होतं.

पार्लेकर परदेशी:
न्यू जर्सीहून लिहितोय, जन्म विलेपार्ले पूर्व. इथे हे पद कायद्यामुळे टिकून आहे. 1966 च्या राष्ट्रीय कायद्यानुसार केंद्र सरकारचा पैसा किंवा परवानगी जिथे लागते, तिथे जुन्या वास्तूंवर काय परिणाम होईल हे आधी तपासावं लागतं. त्यातून कन्सल्टन्सीचा अख्खा धंदा उभा राहिला. पात्रताही लिहून ठेवली आहे: वास्तू-इतिहासातली मास्टर्स, नाहीतर पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव, असं काहीसं.

पण ऐका, पैसे इथेही प्रकल्पवालाच देतो! फरक इतकाच की अहवाल राज्याच्या कार्यालयात जातो आणि तिथला माणूस 'हे पटत नाही' म्हणून परत पाठवू शकतो. आणि कामात ग्लॅमर वगैरे शून्य. माझी बायको याच धंद्यात आहे. हायवे रुंद करताना आड येणारी घरं, मोबाइल टॉवर, पूल. साधारण पन्नास वर्षांचं झालं की घर तपासायला पात्र, त्यामुळे सध्या ती 1970 च्या सुमाराच्या बैठ्या घरांचे फॉर्म भरते. एकसारखी दोनशे घरं, दोनशे फॉर्म. परवा म्हणाली, आता स्वप्नातही गॅरेजची दारं मोजते.

चाळीतला:
परदेशी साहेब, तिकडे त्या घरांत संडास आत असतो हो.

कावळा:
😂

नवशिकी:
मी इतिहासात एम.ए. करतेय, रुईयाला होते. या क्षेत्रात यायचा विचार आहे. नोकरी मिळते का?

दप्तरखाना:
मिळते, पण जाहिरातीत 'वास्तू-इतिहासकार' शोधू नकोस, सापडणार नाही. 'डॉक्युमेंटेशन', 'रिसर्च असिस्टंट' असं असतं. आर्किटेक्ट हे बिरुद 1972 च्या कायद्याने राखीव आहे. आपल्या पदाला असं काही नाही, त्यामुळे सही त्यांची आणि मजकूर आपला. एक सल्ला: मोडी शीक. आणि टेप धरायला लाजू नकोस. माळ्यावर चढता येत नसेल तर या कामात अर्धी माहिती कायमची सुटते.

ओळंबा:
@नवशिकी, आणि सलवार-कमीज घालून माळ्यावर चढू नकोस, ओढणी अडकते. आमच्याकडची एक मुलगी लोंबकळली होती. (अवांतर, पण उपयोगी.)

मूळ मुद्द्यावर: परदेशी साहेबांनी जे सांगितलं ते मला पटतं. पैसे कोण देतो यापेक्षा अहवाल कोण तपासतो हे बघा. धागाकर्तीच्या साहेबांनी तीन परिच्छेद कापले तेव्हा पुढे कोणी विचारलंच नाही, खरा घोळ तिथे आहे. समितीने एक जाणकार माणूस फक्त 'हे साल कुठून आणलं?' हे विचारायला बसवला तरी पुष्कळ. नेमणुकीच्या भानगडीत पडू नका.

दप्तरखाना:
अर्धं मान्य. तपासणारा हवाच. पण कापलेलं पान तपासणाऱ्यापर्यंत पोचतच नाही, मग तो काय तपासणार? मला निदान एवढं द्या: इतिहासाच्या भागावर लिहिणाऱ्याची वेगळी सही असावी आणि त्यात त्याला विचारल्याशिवाय शब्द बदलू नये. पैसे बिल्डरने दिले तरी चालतील मग. (हो, शीर्षकातल्या प्रश्नावरून मी मागे सरकतेय. लिहिताना राग होता.)

चाळीतला:
तुम्ही दोघं सही आणि शिक्क्यावर भांडताय. माझ्या प्रश्नाला उत्तर कोणी दिलं नाही. 2012 मध्ये हेरिटेजच्या वाढीव यादीचा मसुदा आला तेव्हा शिवाजी पार्कच्या लोकांनी का बोंब मारली? आपल्या घराचं काय होणार हे दुसराच कोणीतरी कागदावर ठरवतोय असं वाटलं म्हणून. आम्हालाही तेच वाटतं. सरकारने बांधलेल्या बी.डी.डी. चाळींच्या मूळच्या 207 इमारती, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी. तिथल्या लोकांना विचारा 160 फुटांच्या खोलीचा इतिहास हवा की नवं घर हवं.

दप्तरखाना:
तुमचा प्रश्न टाळला, चूक झाली.

तुम्हाला घर हवंय, वारसा नकोय, हे मला कळतं. पण इतिहास दर वेळी 'पाडू नका'च म्हणतो असं नाही. खेतवाडीतल्या एका कामात आर्किटेक्ट मागच्या संडासाच्या मनोऱ्याला हात लावायला घाबरत होता, 'मूळ वास्तूचा भाग आहे, समिती नाही म्हणेल' म्हणून. जुन्या नकाशात तो मनोराच नव्हता. तिथे मोकळं अंगण होतं. मनोरा नंतरचा आहे एवढं सिद्ध झाल्यावर तो काढून प्रत्येक मजल्यावर घरात नळ-संडास द्यायचा नकाशा पुढे सरकला. दोन महिन्यांचं माझं काम, निष्पन्न एक ओळ. पण ती ओळ नसती तर तिथली म्हातारी माणसं अजून टॉर्च घेऊन फिरली असती.

सगळ्या चाळींचं असं होईल असं मी म्हणत नाही. काही खरोखरच पाडायला झाल्या आहेत. त्या पाडताना निदान साल तरी खरं लिहा.

ओळंबा:
खेतवाडीचं ते काम मला ऐकून माहीत आहे. पाइपचा उतार कसा काढला ते विचारायचं होतं, जुन्या लाकडी तक्तपोशीवर संडास घेणं सोपं नाही. खाली गळती लागली तर तुळया गेल्या. पण तो वेगळा धागा.

चाळीतला:
बरं. आमच्या खोलीत आजोबांची पत्र्याची ट्रंक आहे. त्यात भाडेपावत्या आहेत, सगळ्यात जुनी 1923 ची, भाडं आठ रुपये. पाठीमागे पेन्सिलीने खोल्यांचा नकाशा काढलेला आहे, कोणी काढला माहीत नाही. त्यात गॅलरीच्या टोकाला काहीच दाखवलेलं नाही, कोरी जागा आहे. आतापर्यंत मी त्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

दप्तरखाना:
कृपया त्या पावत्यांना सेलोटेप लावू नका. लॅमिनेट तर अजिबात नको. रविवारी आले तर चालेल?

चाळीतला:
या. अकरानंतर, पाणी दहाला जातं. आणि पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर माझी सही झालेली आहे, ती मी मागे घेणार नाही, आधीच सांगतो.