परतीचं पाणी बघा
'अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीत चालत जाताना पाणी घोट्याएवढं असलं की निर्धास्त जावं' असं म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. परतताना किती असेल ते बघायचं. मी सात वर्षांची असताना आम्ही अलिबागहून दुपारी चालतच गेलो, गणपतीच्या देवळापाशी डबे उघडले, आणि चारला निघालो तर बाबांच्या छातीपर्यंत पाणी! मी त्यांच्या खांद्यावर. आईच्या हातातली चपलांची पिशवी वाहून गेली. माझा पाय घट्ट धरलेली तिची बोटं अजून आठवतात.

किनाऱ्यावर एका कोळीणमावशीने सांगितलं, शुद्ध असो की वद्य, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. त्या दिवशी अष्टमी, म्हणजे साधारण ६ ला पूर्ण भरती. ओहोटी त्याच्या सहा तास आधी, म्हणजे १२ ची धरून आम्ही २ च्या आत परतायला हवं होतं.