दारावरची रीथ आणि सासूबाई

एल्बेकाठ
हॅम्बुर्गला येऊन सहा वर्षं झाली. सासूबाई कऱ्हाडहून पहिल्यांदाच आल्यात, तीन महिन्यांसाठी. गेल्या शनिवारी मी जवळच्या रोपवाटिकेत ॲडव्हेंटची, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांची, रीथ करायला शिकवतात तिथे गेले होते. जेवणाच्या ताटाएवढं पेंढ्याचं कडं देतात. फर नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या वीतभर डहाळ्यांची जुडी त्यावर ठेवायची, बारीक तारेचे दोन वेढे मारायचे, पुढची जुडी आधीच्या देठांवर. एकाच दिशेने जायचं, तार मध्ये तोडायची नाही. शेवटची जुडी पहिलीच्या पानांखाली सारायची असते, तिथे माझी वाट लागली. बोटं चिकाने काळी झाली ती दोन दिवस निघेनात.

हौसेने दाराला लावली. आई खाली फेरी मारून आल्या, दाराशीच थांबल्या. म्हणाल्या, "अगं, पुष्पचक्र कशाला टांगलंस? कोण गेलंय आपल्यात?"

मी नाताळ, सजावट वगैरे सांगून पाहिलं. ऐकून घेतलं त्यांनी, पण आत-बाहेर करताना तिकडे बघत नाहीत. नवरा म्हणतो काढून टाक. मला पटत नाहीये. हे बावीस युरो आणि एक अख्खी दुपार आहे! कुणाकडे असं झालंय का? काय सांगितलंत?

जुनाजर्मन
आधी आईंची बाजू. ॲडव्हेंटच्या आधीचा रविवार इथे मृतांचा रविवार असतो. 1816 साली प्रशियाच्या राजाने, तिसऱ्या फ्रीडरिश विल्हेल्मने, तो ठरवून दिला. त्या दिवशी लोक कबरींवर हिरवी कडी नेऊन ठेवतात. तुमच्या ओल्सडॉर्फच्या दफनभूमीत एकदा जाऊन या. ती इतकी पसरलेली आहे की आतून बस धावते. आता मजा बघा, फुलवाल्याकडे तेच पेंढ्याचं कडं, तेच फर. आठवडाभर आधी कबरीसाठी, नंतर मेणबत्त्या खोचून टेबलासाठी. तेव्हा सासूबाईंनी काही भलतंच ओळखलेलं नाही.

आता तुमची बाजू. ॲडव्हेंटचं कडं तुमच्याच गावचं. 1839 मध्ये योहान हिन्रिख विशर्न हे पाद्री तिथल्या 'राउहेस हाउस'मध्ये गरीब मुलं सांभाळत. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? त्यांनी गाडीचं एक चाक घेतलं, त्यावर रोजच्यासाठी लहान लाल आणि रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटवायची, पोरं मोजत बसायची. फरची हिरवळ नंतर आली. म्हणजे मुळात हे दिवस मोजायचं चाक. आईंना हे सांगून बघा, नातवंडांवाल्या बाईला पटेल.

निर्मळची लेक
मी वसईची, कॅथलिक, घरात मराठीच. आमच्याकडे दोन्ही असतं आणि कुणी गोंधळत नाही. 2 नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी कबरी धुवून फुलांनी सजवतो, आणि महिन्याभराने आगमनकाळात, म्हणजे ॲडव्हेंटमध्येच, चर्चमध्ये वेदीजवळ हिरवं कडं: तीन जांभळ्या मेणबत्त्या, एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारी पेटते. लहानपणी ती गुलाबी आपल्याला पेटवायला मिळावी म्हणून आम्ही भावंडं भांडायचो.

आमची आजी कडं सुरूच्या डहाळ्यांचं करायची, आत सायकलची जुनी रिम. सुरू सुकला की भुसभुशीत होतो, मेणबत्तीजवळ धोकादायक, म्हणून ती रोज पाणी शिंपडायची. फर पण घरातल्या हीटरने सुकतं बरं का, पेटती मेणबत्ती सोडून झोपू नका.

फुलपुडी
दादरच्या फूलबाजारात वडलांचा गाळा होता. रीथची ऑर्डर आली की घरात कुणी गुणगुणत नसे. पांढरी शेवंती, निशिगंध, मागे बांबूचं तिकाटणं, रिबिनीवर नाव. 1 मेच्या आदल्या रात्री हुतात्मा चौकासाठी बनवायची असायची, बाकी बहुतेक अंत्ययात्रेसाठी. आपल्या माणसाला गोल फुलं दिसतात तीच मुळी अशा वेळी. दाराला आपण सरळ तोरण बांधतो, आंब्याची पानं नि झेंडू. गोल नाहीच. त्यामुळे सजावट-सजावट म्हणून काही होणार नाही. डोळ्याला सवयच नाही त्याची. डहाळ्या सोडवा, सुतळीत ओवा, तोरण करा. प्रश्न मिटला.

सुभेदार (नि.)
तोरण वगैरे ठीक आहे. मला एक विचारायचंय, सासरे काय करत होते, आणि आहेत का?

एल्बेकाठ
फौजेत होते. मार्चमध्ये गेले.

सुभेदार (नि.)
मग ताई, हा कड्याचा प्रश्नच नाही.

अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली, बरीच पुष्पचक्रं पाहिली. दोन जवान संथ पावलांनी घेऊन येतात, अधिकारी ठेवतो, एक पाऊल मागे, सॅल्यूट. शोक शस्त्र. बिगुल. सगळं मिनिटांवर बसवलेलं. घरची बाई समोर उभी असते आणि ते कडं तिच्यासमोर ठेवलं जातं, तेव्हा ती त्याच्याकडेच बघत असते, कारण दुसरीकडे बघवत नाही. आमच्या साताऱ्यात अपशिंग्याला पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या गावच्या 46 जणांचं स्मारक आहे. तिथेही वाहतात. शंभर वर्षं उलटली तरी म्हाताऱ्या बायका त्या वेळी बोलत नाहीत.

तुम्ही तेच कडं त्यांच्या डोळ्यांसमोर आणि दारावर लावलंत. आम्ही ते टांगत नाही, जमिनीला टेकवून ठेवतो. रागावून सांगत नाही. मेणबत्त्या लावून आत टेबलावर ठेवा. आणि त्यांना इतिहास सांगू नका. सासऱ्यांचं विचारा.

निर्मळची लेक
सुभेदारांना हजारदा अनुमोदन.

एल्बेकाठ
उशीर झाला, माफ करा. कडं काढलं. रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि चार लाल मेणबत्त्या खोचल्या. जुनाजर्मन, चाकाची गोष्ट सांगितली नाही. विचारलं फक्त, बाबांना पुष्पचक्र कुणी वाहिलं होतं. आईंनी सगळं सांगितलं. माजी सैनिकांच्या गटाने आणलं होतं, पिवळी शेवंती होती, आणि एका बाजूने तार सुटून फुलं लोंबत होती. नेमकं ते कुणाच्या लक्षात आलं नाही आणि त्यांना त्या वेळी उठून नीट करता आलं नाही. नऊ महिने तेच डोक्यात. मला काही सुचलं नाही, मी चहा टाकला.

परत आले तर त्यांनी माझं कडं उलटं करून मांडीवर घेतलं होतं. "इथे सैल आहे बघ," म्हणाल्या. शेवटची जुडी, जिथे माझी वाट लागली होती तीच. तार काढून टाकली, माझ्याकडून जाड दोरा मागून घेतला आणि गजऱ्याला मारतात तशी गाठ मारत पुन्हा बांधलं. आता हलत नाही.

पहिली मेणबत्ती मी पेटवली, त्यांनी काडी पुढे केली. एवढंच. दारावर काही नाही. फुलपुडी, त्यांना तुमची तोरणाची आयडिया आवडलीय, पण दोरा पुरत नाही म्हणतात. हॅम्बुर्गात आपल्यासारखी सुतळी कुठे मिळते हो? बागेच्या दुकानातली फार गुळगुळीत आहे, गाठ बसत नाही.