स्विचयार्ड काढताना जमिनीखालचे जाळे
बंद पडलेले वीजनिर्मिती केंद्र पाडण्याविषयीच्या या चर्चेत असे मत मांडले गेले आहे, की जनित्रे थांबली की स्विचयार्डला (केंद्राची वीज बाहेरच्या वाहिन्यांना जोडणाऱ्या उघड्या आवाराला) काही काम उरत नाही, त्यामुळे ते मुख्य इमारतीबरोबरच एकदम उखडून टाकावे; हे मत मला पटत नाही. जनित्राकडून येणारे बे (जोडणीचे विभाग) निकामी होतात हे खरे. पण त्याच बसबारवर (सर्व जोडण्या जिला मिळतात त्या सामाईक वाहकपट्टीवर) दूरदूरच्या वाहिन्याही एकत्र येत असतात, आणि म्हणून केंद्र पाडल्यानंतरही यार्डाचा काही भाग पारेषण उपकेंद्र म्हणून पुढे चालू राहू शकतो.

जुन्या ट्रान्सफॉर्मरमधील पीसीबी या विषारी रसायनाने युक्त तेलाची काळजी या चर्चेत व्यक्त झाली आहे व ती रास्तच आहे (टिकाऊ विषारी रसायनांवरील आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात अशी उपकरणे वापरातून काढण्यासाठी २०२५ ही मुदत ठरवलेली होती), परंतु अर्थिंगच्या, म्हणजे बिघाडाचा प्रवाह जमिनीत सोडणाऱ्या, जाळ्याविषयी कोणीच लिहिलेले नाही. साधारण अर्धा मीटर खोलीवर पुरलेल्या तांब्याच्या किंवा लोखंडी पट्ट्या साऱ्या यार्डाखाली सलग पसरलेल्या असतात आणि लोखंडी सांगाड्यांच्या पायांशी त्यांचीच टोके वर येऊन जोडलेली दिसतात. बंद भागातले तांबे भंगाराच्या मोहाने उपसले, तर चालू भागाखालचे जाळे आकसते, त्याचा जमिनीशी असलेला रोध वाढतो, आणि बिघाडाच्या क्षणी तेथे उभ्या असलेल्या माणसाच्या दोन पावलांमध्ये, किंवा हात आणि पाय यांच्यामध्ये, येणारा विद्युतदाब जीवघेणा ठरू शकतो. वरची खडीसुद्धा याच धोक्यापासून राखण करते, त्यामुळे यंत्रांच्या येण्याजाण्याने ती चिखलात मिसळू देता कामा नये. उरलेल्या भागाचे नव्याने मोजमाप केल्याशिवाय एकही पट्टी तोडू नये, असे मला ठामपणे वाटते.