२२ डिझेल गाड्या आहेत, त्यातल्या ६ हायड्रोजनवर न्यायच्या का?

प्रश्न
सगळ्या गाड्या ४० टनी, डिझेल. पुढच्या वर्षी सहा बदलायच्याच आहेत. ठरलेली फेरी जाऊन-येऊन ६२० किलोमीटर, वाटेत एक लांबलचक चढ. बॅटरीचा ट्रक चार्जिंगला थांबला की दुसऱ्या पाळीचा ड्रायव्हर बसून राहतो, म्हणून फ्युएल सेलकडे, म्हणजे हायड्रोजनपासून गाडीतच वीज बनवणाऱ्या यंत्राकडे पाहतोय. वडील स्वतः ट्रक चालवायचे, धुराने त्यांची छाती गेली. त्यामुळे मला डिझेल सोडायचं आहे, हे नक्की. ज्यांनी या गाड्या हाताळल्यात त्यांनी सांगा, आधी काय तपासू?

उत्तर १
फ्युएल सेल गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये पाच वर्षं आहे. ट्रक नंतर बघा, आधी हायड्रोजनचा पंप बघा. आमच्या वाटेवर एकच पंप होता. त्याचा कॉम्प्रेसर गेला आणि चार धडधाकट गाड्या तीन दिवस उभ्या राहिल्या. डिझेल कॅनमधून आणता येतं; हा वायू ३५० किंवा ७०० बार दाबाने भरावा लागतो. दुसरा पंप टप्प्यात नसेल तर सही करू नका.

मग तो चढ. डिझेल इंजिनाची बरीच उष्णता धुराबरोबर निघून जाते. फ्युएल सेल ६० ते ८० अंशांवर चालतो, त्याची जवळजवळ सगळी उष्णता रेडिएटरलाच काढावी लागते. भर उन्हात, भरल्या गाडीने चढताना ताकद कमी होऊ शकते. चाचणी ऐन उन्हाळ्यात, पूर्ण लोड टाकून, तुमच्याच रस्त्यावर मागा.

आणि मेकॅनिकना पहिल्या दिवशीच बजावा : स्टॅकमध्ये, म्हणजे वीज बनवणाऱ्या सेलच्या थप्पीत, नेहमीचं कूलंट ओतायचं नाही. तिथलं कूलंट वीज वाहू न देणारं लागतं. आमच्या एका पोराने घाईत साधं ओतलं, इन्सुलेशनचा अलार्म वाजला, सगळी लाइन धुवावी लागली. हवेचा फिल्टरही फक्त धूळ अडवणारा नसतो; हवेतल्या सल्फर आणि अमोनियाने स्टॅक खराब होतो. तो वेळेवर बदलायचाच.

उत्तर २
हायड्रोजन कुठून येतो तेही विचारा. नैसर्गिक वायूपासून केलेल्या एका किलोमागे ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. १०० किलोमीटरला ८ किलो धरा, म्हणजे ७२ ते ८० किलो. तेवढ्याच अंतराला ३२ लिटर डिझेल जळलं तर ८६ किलो. रस्त्यावरचा धूर जातो, पण हवामानासाठी फारसं काही साधत नाही.

विजेने पाणी फोडून केला तर किलोला ५० ते ५५ युनिट, म्हणजे तुमच्या फेरीला साधारण अडीच ते पावणेतीन हजार. बॅटरीच्या ट्रकला तीच फेरी हजाराच्या आत होते. ड्रायव्हर बदलताना, माल चढवताना चार्जिंग बसतं का, एकदा मांडून बघा.

प्रश्नकर्ता
माल चढवायला दोन तास जातात, ते मी धरलेच नव्हते. दुसरा पंप फेरीच्या वाटेवर नाही. तूर्त दोन बॅटरीच्या गाड्यांची चाचणी मागतो, आणि हायड्रोजनवाल्यांना चढावरच्या चाचणीचं पत्र आजच पाठवतो.

उत्तर १
पत्रात स्टॅकची वॉरंटी तासांत मागा, नुसत्या किलोमीटरमध्ये नको. चढावर किलोमीटर कमी पडतात, तास भरतात.