नाकासाठी फिल्टर कशाला?

कुणीतरी लिहिलंय की सेल्फीत नाक बटाटेवड्याएवढं येतं, म्हणून आता ब्युटी फिल्टर लावणार. अहो, फोन तोंडाजवळ धरला की लेन्सला जे सगळ्यांत जवळ, ते मोठं दिसणारच. फोन लांब ठेवा आणि नंतर फोटो क्रॉप करा. पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर बाकावर पाण्याच्या बाटलीला फोन टेकवायचा, १० सेकंदांचा टायमर लावायचा. हात मोकळे राहिले की खांदे आपोआप सैल पडतात. फक्त तेवढा वेळ श्वास रोखून बसू नका, सोबतच्याशी गप्पा चालू ठेवा. आणि नजर स्क्रीनवरच्या स्वतःवर नको, लेन्सकडे किंवा सरळ दुसरीकडेच.

खरी गंमत उजेडाची. आपला गोव्याचा किनारा पश्चिमेला, त्यामुळे संध्याकाळी जो तो समुद्राकडे पाठ करून उभा. मागे झकास सूर्यास्त, पुढे काळंकुट्ट तोंड! उलटे फिरा की. मागे माड येतील, ऊन तोंडावर पडेल, आणि सूर्य खाली उतरलेला असला की डोळेही मिचमिचत नाहीत. भर दुपारी पणजीतल्या फोंतेन्यास या जुन्या वस्तीच्या गल्लीत सावलीत उभं राहा. समोरच्या पिवळ्या भिंतीवरून येणारा उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो. (थोडी पिवळी झाक येते, मला आवडते.) तिथे माणसं राहतात, कुणाच्या पायरीवर बसण्याआधी विचारा मात्र.

पावसाळ्यात वागातोर-हणजुणेच्या किनाऱ्यावरच्या शेवाळलेल्या खडकांवर हा टायमरचा खेळ नको.