मदत हवी आहे: बेंगळूरमध्ये बिनअंड्याचे पॅनकेक आणि सगळ्या घराला चालेल असा ब्रंच कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

आम्ही बेळगावचे, टिळकवाडीत राहतो. पुढच्या महिन्यात सगळं घर बेंगळूरला लेकीकडे जातंय. शुक्रवारी पहाटेच्या वंदे भारतने निघायचं, दुपारी पोचायचं. म्हणजे शनिवार आणि रविवार अशा दोन सकाळी हातात आहेत. शनिवारचं ठरलंय. रविवारसाठी तुमची मदत हवी आहे.

रविवारी लेकीला सुट्टी असते. तिला सगळ्यांना ब्रंचला न्यायचंय. दहा-साडेदहाला बसायचं, आरामात खायचं, दुपारच्या जेवणाची भानगडच नको. बेत मला फार आवडलाय, कारण एरवी आम्ही पाचजण एका टेबलाशी बसतो ते फक्त गणपतीत. पण खाणाऱ्यांची तऱ्हा बघा. सासूबाई ७८ वर्षांच्या, अंडं खात नाहीत, आणि ज्या तव्यावर अंडं पडलंय त्या तव्यावरचंही त्यांना चालत नाही. ह्यांना ब्रंच म्हटलं की अंडीच हवीत. लेकीला शक्षुका, म्हणजे टोमॅटोच्या रश्श्यात शिजवलेली अंडी. धाकटा सातवीत आहे, त्याला एकावर एक रचलेले जाड पॅनकेक. आणि आजीला नातवाच्या ताटातला एक घास लागतोच. हीच सगळ्यात मोठी अट आहे. त्या दोघांना एका ताटात खाता यावं, म्हणून पॅनकेक बिनअंड्याचेच हवेत आणि ते चांगलेही हवेत.

"एगलेस" असं मेनूवर लिहिलेलं असतं हो, पण बहुतेक ठिकाणी तो पदार्थ मनापासून केलेला नसतो. नेहमीच्या पिठातलं अंडं वगळायचं, दूध थोडं वाढवायचं आणि द्यायचं. आमच्याच गावात एका कॅफेत असा प्रकार खाल्ला. वरून तांबूस, आत चिकट आणि कच्चा, तयार पाकिटातल्या पिठाचा वास वेगळाच. घरात घावन आणि आंबोळ्या नेहमीच्या, त्यामुळे तव्यावरचं काही कसं उतरलंय हे सासूबाई पहिल्या घासाला ओळखतात. त्यांनी दुसरा घास घेतला नाही.

बिनअंड्याचे पॅनकेक फुलतात, याबद्दल मला जराही शंका नाही. घरी आम्ही करतो. अंडं करतं ते काम दोन गोष्टींत वाटून द्यायचं. फुगवायला आंबट ताक आणि खायचा सोडा, वर चिमूटभर बेकिंग पावडर. ताकाची आणि सोड्याची गाठ पडली की लगेच वायू सुटायला लागतो, म्हणून पीठ कालवून तासभर ठेवून चालत नाही. बेकिंग पावडर एकदा ओली झाल्यावर आणि पुन्हा तव्याच्या उष्णतेने काम करते. मऊपणासाठी लोणी पातळ करून घालायचं. पीठ घोटायचं मात्र नाही, गुठळ्या दिसल्या तरी राहू द्यायच्या. जास्त ढवळलं की मैदा चिवट होतो. बिडाचा तवा, मध्यम आच, पळीभर पीठ घालून पसरायचं नाही. वर बुडबुडे येऊन फुटायला लागले, त्यांची भोकं तशीच उघडी राहिली आणि कडेची चकाकी गेली की एकदाच उलटायचा. उलथन्याने दाबायचा नाही, दाबला की वायू निघून जातो.

एवढं सविस्तर लिहिलं कारण मला असंच हॉटेल हवंय जिथे हे सगळं ताजं होतं. आधी करून दिव्याखाली गरम ठेवलेले पॅनकेक कातड्यासारखे होतात. वीस मिनिटं थांबायला लागलं तरी चालेल.

आणखी एक, सिरपचं. खरं मेपल सिरप म्हणजे मेपलच्या झाडाचा रस आटवलेला. साधारण ४० लिटर रस आटवला की १ लिटर सिरप होतं, आणि जगातलं बहुतेक कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातून येतं. महाग असणारच, त्याचे वेगळे पैसे द्यायला आमची ना नाही. पण मेनूवर मेपल लिहून मक्याच्या साखरेचा रंगीत पाक देऊ नये. घरी आम्ही चिकोडीकडची काकवी घेतो, ती पॅनकेकवर फार सुरेख लागते. खरं मेपल कुठे देतात हे कोणाला माहीत असेल तर जरूर सांगा.

धाकट्याने जपानी सूफ्ले पॅनकेकचे व्हिडिओ बघून ठेवलेत, ते हलणारे, उंच. ते अंड्याचा पांढरा भाग फेटूनच फुलवतात, तेव्हा ते या खेपेला बाद.

सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून तळमजला किंवा लिफ्ट हवी. मेट्रोजवळ असेल तर उत्तम.

शनिवारी विद्यार्थी भवनला जातोय, गांधी बाजारात. १९४३ पासूनचं ठिकाण, डोसा खाऊन सासूबाई खूश होतील याची खात्री आहे. शुक्रवारी बंद असतं, हे नव्याने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. लेकीचं मत एमटीआरला (मावळ्ळी टिफिन रूम) पडलं होतं, लालबाग रोडवरच्या, १९२४ सालच्या. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा रवा इडली त्यांनीच काढली. ते पुढच्या खेपेला.

तर सांगा, रविवारी कुठे जाऊ?

—

खानापूरची लेक:
काकू, मी इंदिरानगरला राहते. न्याहारीसाठी कोरमंगलाचं होल इन द वॉल कॅफे इथे सगळ्यांच्या तोंडी असतं, पॅनकेक, वॉफल, ऑमलेट सगळं मिळतं. पण अंड्याचा तवा आजींना चालत नाही म्हणता, मग तिथे अडचण येईल. गर्दीच्या रविवारी वेगळा तवा लावा असं सांगून कोणी लावत नाही, आणि हो म्हणाले तरी आत काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. त्यापेक्षा स्वयंपाकघरात अंडंच येत नाही असं शुद्ध शाकाहारी किंवा वीगन, म्हणजे दूध-अंडी काहीच न वापरणारं, कॅफे बघा. वीगन ठिकाणी पॅनकेक पहिल्यापासून बिनअंड्याचेच बसवलेले असतात, कोणाची गैरसोय म्हणून केलेले नसतात. तुम्ही म्हणताय तोच मुद्दा आहे हा. फक्त लोणी आणि ताक मिळणार नाही, वनस्पतीचं दूध आणि तेल असतं. चव थोडी वेगळी लागेल. लेकीला आदल्या दिवशी फोन करायला सांगा, पीठ घरचं की पाकिटातलं, हे सरळ विचारायचं.

निपाणीकर:
दादांना अंडी हवीत तर त्यांना कोशीजला पाठवा की, सेंट मार्क्स रोडला. कब्बन पार्क मेट्रोला उतरायचं. जुनी जागा, टेबलाशी बसून राहिलं तरी कोणी उठवत नाही. एकाच हॉटेलात सगळ्यांचं बसवायला गेलात तर कोणाचंच नीट होणार नाही बघा.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. निपाणीकर, एका टेबलाशी बसणं मला सोडायचं नाही, त्यासाठीच तर चाललोय. पण अंड्यांची वेळ वेगळी काढायची ही सूचना पटली. ह्यांना विचारलं, ते लगेच तयार झाले. शनिवारी संध्याकाळी बापलेक कोशीजला जातील, शक्षुका नाही मिळाली तरी लेक ऑमलेटवर खूश आहे. रविवारी सगळे शाकाहारी ठिकाणी.

खानापूरची लेक, वनस्पतीच्या दुधाचं सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, नारळाच्या दुधातलं आपण खातोच की. म्हणजे तोही प्रश्न नाही. आता फक्त ठिकाणाची नावं हवीत, शक्यतो मेट्रोच्या पर्पल किंवा ग्रीन लाइनवरची, आणि तुम्ही स्वतः तिथे गेल्या सहा महिन्यांत खाल्लेलं असावं. पॅनकेक मधोमध तोडल्यावर आत जाळी दिसली का, तेवढं आठवून लिहा.