मदत हवी आहे: नागपुरात तालमीला येणारा तबलजी कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

आमचा पाच जणांचा छोटा गट आहे. विदर्भातल्या कवींच्या गझला आणि कविता गातो, चाली आमच्याच. पेटी माझ्याकडे. दोन गायक, त्यातल्या ताई पेटीच्या काळी पाच पट्टीत गातात आणि दुसरा काळी एकात. एक गिटारवाला. पाचवी जागा तबल्याची, ती सारखी रिकामी होते. तालीम रविवारी संध्याकाळी माझ्या घरी, त्रिमूर्तीनगरला. सगळे नोकरीवाले. सुरेश भट सभागृह गाजवायची कुणाची इच्छा नाही. घरगुती बैठका, वाचनालयाचे कार्यक्रम, कोजागिरी, एखादी दिवाळी पहाट एवढं झालं तरी भरून पावलो.

नागपुरात तयार हाताची पोरं भरपूर आहेत, वाजवण्याबद्दल तक्रारच नाही. तक्रार हजेरीची आहे. "निघूनच राहिलो भाऊ" असा फोन येतो तेव्हा गडी अजून आंघोळीला जायचा असतो. लग्नसराईत संगीत संध्या, गणपतीत ऑर्केस्ट्रा, नवरात्रात जागरण आणि गरबा, यातून उरलेला रविवार आमचा. तिकडे रात्री पाकीट हातात पडतं, आमच्याकडे तर्री-पोहे आणि कार्यक्रम मिळालाच तर मानधनात सारखा वाटा. ज्याचं घर तबल्यावर चालतं त्याने तिकडे जाऊ नये असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण मग आम्हाला "हो" तरी म्हणू नये ना. सरळ नाही म्हणणारा परवडतो, आदल्या रात्री फोन बंद करून बसणारा नाही.

गेल्या दिवाळी पहाटेला नेमकं तेच झालं. आमचा माणूस आदल्या रात्री गायब, संयोजकांनी पहाटे कुठूनतरी बदली तबलजी उभा केला. भला माणूस, वेळेवर आला, हातही गोड. पण आमची एक चाल रूपकात, म्हणजे सात मात्रांच्या तालात आहे आणि मुखडा चौथ्या मात्रेवरून उठतो. त्याला कोण सांगणार? त्याने उठावालाच सम (तालाची पहिली मात्रा) धरली. ताई बिचाऱ्या डोळ्यांनी खुणावताहेत, मी पेटीचे सूर दाबून समेवर जोर देतोय, आणि तो मान डोलावत चार मात्रा पुढे. दुसऱ्या अंतऱ्याला मी गाणं आवरतं घेतलं. समोरच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या, ते वेगळं.

आता विचारायचं ते असं. तालमीचे वेगळे पैसे द्यायची पद्धत नागपुरात कुणी पाळतं का? द्यायचे तर सगळ्यांना द्यावे, की फक्त तबल्याला? गिटारवाला म्हणतो, मग मी काय घोडं मारलं. दुसरं, शिकणाऱ्या मुलांपैकी कुणाला घ्यावं, की तयार माणूसच शोधावा? आणि हो, "ट्रॅकवर गा" हा सल्ला कृपया नको. आमच्या गाण्यांचे ट्रॅक कुठेच नाहीत, हीच तर गंमत आहे.

प्रतिसाद

ट्रॅक बनवून घ्या ना भाऊ. सदर भागात स्टुडिओवाले आहेत. एकदाच खर्च, कटकट संपली. आमचा कराओके ग्रुप दर शनिवारी भरतो, एकही दांडी नाही.

प्रतिसाद

मी तबला वाजवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. राग मानू नका.

तुमच्या ताई काळी पाच, दुसरे गायक काळी एक. म्हणजे मला दोन पट्ट्यांसाठी दोन तबले, एक डग्गा, हातोडी, चुट्ट्या (तबल्याखालच्या गाद्या) एवढं लटांबर गाडीवर बांधून हुडकेश्वरहून त्रिमूर्तीनगरला यायचं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत पुडी (तबल्याचं चामडं) इतकी ताणते की घरून लावून आणलेला तबला पोचेपर्यंत चढलेला असतो, पावसाळ्यात उलटं. मी सहाला येऊन सुरात लावून बसतो. मग गायक येतात, चहा होतो, आज कोणतं गाणं घ्यायचं यावर चर्चा होते, अर्धा सूर खाली घेऊन बघू म्हणतात. तुम्ही सूर बदलला की पुडी पुन्हा ठोकायची. साडेसातला पहिली थाप पडते. तुमच्याकडे असंच होतं असं नाही म्हणत, पण बऱ्याच घरी होतं. पोरं गायब होतात त्याला हेही कारण आहे.

पैशाचं म्हणाल तर तालमीला पेट्रोल आणि वर थोडं काही द्या. रक्कम लहान असली तरी चालेल, पण त्याच दिवशी हातात द्या. वाट्याचा हिशेब कार्यक्रमानंतर महिनाभर लांबतो आणि मग कुणी फोन उचलत नाही. गिटारवाल्याला सांगा, तो स्वतःच्या हौसेसाठी येतो, तबलजी दुसऱ्याच्या हौसेसाठी. रविवार संध्याकाळ सोडा, ती आमची कमाईची वेळ. सकाळी सात ते नऊ बघा. आणि चाली नुसत्या पेटी-आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवा, सुरुवातीला सात मात्रा मोठ्याने मोजून. बदली माणूस आला तरी उठाव कुठून ते त्याला कळेल.

प्रतिसाद

विद्यार्थी घ्या. महाल भागात, धरमपेठेत तबल्याचे वर्ग आहेत, तिथल्या गुरुजींना जाऊन भेटा, परस्पर मुलाला गाठू नका. गुरुजींनी पाठवलेला मुलगा सहसा दांडी मारत नाही. विशारदच्या तयारीतल्या पोरांना साथीचा सराव हवाच असतो. फक्त परीक्षेच्या दिवसांत त्यांना सोडून द्यावं लागेल, आणि नोकरी लागली की पोरगं पुण्याला जाईल हे गृहीत धरा. म्हणून एकाच वेळी दोघांना तयार करा.

प्रतिसाद

माझं जरा वेगळं मत. आमच्या वस्तीत दर गुरुवारी गजानन महाराजांचं भजन असतं. ढोलकीवाले काका वीज मंडळातून निवृत्त, खंजिरीवाला रंगकाम करतो. कुणाला दमडी मिळत नाही, पण पाऊस असो की मारबतीच्या मिरवणुकीची गर्दी, आठच्या ठोक्याला हजर. फोन करावा लागत नाही, कारण वारही ठरलेला आणि वेळही. एखादा आला नाही तर भजन थांबत नाही, शेजारचा ढोलकी ओढून घेतो. अशा मंडळात शोधा.

मूळ लेखक

सर्वांचे आभार. ट्रॅकवाल्या दादांचेही.

तबलजी दादा, राग कसला. रविवार सकाळचं गटात बोललो, ताईंना चालतंय, गिटारवाला कुरकुरतोय. गाण्यांचा क्रम आदल्या दिवशी ठरवू आणि सगळी काळी एकातली गाणी आधी घेऊ, म्हणजे तबला एकदाच बदलावा लागेल. तालमीचे पैसे वर्गणीतून काढायचे ठरतंय, तबल्याचे आणि त्याच दिवशी. पण पेट्रोलच्या वर "थोडं काही" म्हणजे किती, ते जरा मोकळेपणाने सांगा. इथे नको असेल तर निरोपात चालेल.

भजनवाल्या दादांना एक विचारायचं आहे. भजनी ठेका आठ मात्रांचा, आमच्या निम्म्या चाली सातात आणि दहात. ढोलकीवाले काका रूपक धरतील का? वाजवत असतील तर येत्या गुरुवारी मी आठच्या आधीच येऊन मागे बसतो. पेटी आणू, की तिथे आहे?